भूकंप आणि ज्वालामुखी: नकाशांवरचे ठिपके जुळतात कुठे, चुकतात कुठे

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात भूकंपांचा आणि ज्वालामुखींचा असे दोन नकाशे शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींतील पट्टे जवळजवळ सारखेच का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : भूकवच अखंड नाही, ते मोठ्या-लहान भूपट्टांत विभागलेले आहे आणि बहुतेक घडामोडी या भूपट्टांच्या कडांवर होतात. पॅसिफिक महासागराभोवतीच्या सुमारे ४०,००० किलोमीटर लांबीच्या ‘अग्निकंकणा’त जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के भूकंप होतात आणि जागृत ज्वालामुखींपैकी बहुसंख्य तेथेच आहेत. तेथे, उदाहरणार्थ जपानजवळ, सागरी भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो आणि खनिजांत अडकलेले पाणीही सोबत नेतो. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर हे पाणी सुटते, वरच्या प्रावरणातील, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातील, खडक त्यामुळे एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो आणि तयार झालेला शिलारस वर चढतो. भूकंपाला मात्र खडक वितळण्याची गरज नसते. साचलेला ताण असह्य होऊन खडक तुटला, की पुरे. मुलीला एका नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून ठिपके गिरवायला सांगा आणि तो कागद दुसऱ्या नकाशावर ठेवा. भूकंपांचे ठिपके सागरी गर्तेपासून, म्हणजे भूपट्ट जेथे खाली शिरतो तेथील समुद्रतळावरच्या खोल चरापासून, सुरू होतील, ज्वालामुखींची रांग मात्र गर्तेपासून काहीशी आत, समांतर उभी दिसेल. हे अंतर म्हणजे तिरक्या उतरणाऱ्या भूपट्टाला ती खोली गाठायला लागणारी वाट होय.

प्रश्न : हिमालयात एवढे भूकंप होतात, मग तेथे ज्वालामुखी का नाहीत? (एक विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : तेथे दोन्ही बाजूंना खंडीय कवच आहे. ते जाड व हलके असल्याने सागरी तळासारखे खोल बुडत नाही, दुमडून एकावर एक चढते; त्यामुळे ताण प्रचंड साचतो, पण ज्वालामुखी पोसणारा शिलारस तयार होत नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे आणि तेथे सागरी भूपट्ट खाली शिरतो आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली की फरक स्पष्ट होतो.

प्रश्न : सिंहगडाचा कातळ लाव्हाचा आहे म्हणतात. तेथे पुन्हा उद्रेक होईल का? (एक गिर्यारोहक, धायरी)

उत्तर : नाही. गड चढताना डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांसारखे जे टप्पे दिसतात, ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. कातळातील पांढऱ्या गारगोट्यांचे ठिपके म्हणजे त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, ज्यांत पुढे खनिजे साचली. हे उद्रेक भूपट्टाच्या कडेमुळे झाले नाहीत. प्रावरणातून वर येणाऱ्या एका तप्त बिंदूवरून आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आज तो तप्त बिंदू येथून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर, हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे आणि तेथील ज्वालामुखी अजून वारंवार उसळतो.

प्रश्न : किल्लारी तर भूपट्टाच्या कडेपासून फार दूर आहे. मग १९९३ चा भूकंप कसा झाला? (एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : नकाशावर ठिपके विरळ आहेत म्हणून त्या भागाला निर्धोक समजण्याची चूक आपण करतो, म्हणून हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. भारतीय भूपट्ट आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या पोटातही पोहोचतो आणि जुन्या, कमकुवत भेगांवर मोकळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, म्हणजे जपानच्या मानाने मध्यमच. तरीही सुमारे दहा हजार माणसे गेली. कारण धक्क्याचे केंद्र उथळ होते, लोक झोपेत होते आणि दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरची जड माळवदे त्यांच्या अंगावर कोसळली. कोयनेचा ताण मात्र अंशतः वेगळ्या कारणाने मोकळा होतो : जलाशयाच्या पाण्याचे वजन आणि भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेल्या भेगा सरकतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याच भागात झाला आणि लहान धक्के आजही चालू आहेत.