शिक्का की बोधचिन्ह?

विचारणा अशी आहे: एका व्यावसायिक संघटनेची नियमावली मराठीत आणायचं काम चालू आहे. त्यात ‘लोगो’ला बोधचिन्ह म्हणायचं, मानचिन्ह म्हणायचं की मुद्रा? सभासदाने कार्डावर संघटनेच्या नावासोबत ‘मान्यताप्राप्त’, ‘संलग्न’, ‘प्रमाणित’ यांपैकी काय छापावं? आणि संघटनेचं नाव वाक्यात आलं की त्याला विभक्ती लावून चालते का, की नोंदलेलं नाव जसंच्या तसं ठेवायचं?

पहिल्या प्रश्नावर जास्त वेळ थांबतो, कारण तिथे शब्द चुकला की पुढचा अख्खा नियम चुकतो.

आधी खुद्द ‘लोगो’. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे शब्द, वचन. पण आपल्यापर्यंत हा शब्द आला तो छापखान्यातून. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात दोन-चार अक्षरं किंवा एखादं अख्खं नाव एकाच खिळ्यात ओतून ठेवत. त्या खिळ्याला लोगोटाइप म्हणत. पुढे ‘टाइप’ गळून पडलं. मुळात लोगो हे चित्र नव्हतंच, ते एका साच्यात ओतलेलं नाव होतं आणि त्यातलं अक्षर सुटं करता येत नसे. लोगोमधलं नाव दुसऱ्या फॉन्टमध्ये टाइप करून जोडू नका, असं संघटना आज बजावतात, त्यामागे हाच जुना अर्थ आहे. मराठीत लोगो पुल्लिंगी रुळला आहे: लोगो छापला, लोगोचा रंग, दोन लोगो. नियमावलीत हा शब्द ठेवला तरी बिघडत नाही.

मराठी शब्दच हवा असेल तर ‘बोधचिन्ह’ घ्या. बुध् म्हणजे जाणणं, जागं होणं. पाहताक्षणी कुणाचं ते कळावं, ते बोधचिन्ह. (संस्कृतात ‘चिह्न’, मराठीत उच्चाराप्रमाणे ‘चिन्ह’ रूढ झालं आहे आणि तेच लिहावं.) ‘मानचिन्ह’ इथे नको. सत्काराच्या वेळी हातात ठेवतात ते मानचिन्ह. ‘सदस्यास मानचिन्ह वापरता येईल’ असं लिहिलंत तर वर्गणी भरून सदस्य झालेल्या माणसाला कुणी तरी गौरवलं आहे, असा अर्थ निघतो.

‘मुद्रा’ मात्र सगळ्यांत धोक्याची. मुद्रा, शिक्का, मोहोर या शब्दांचं काम ओळख सांगण्यावर थांबत नाही. मजकूर खरा आहे आणि तो आम्हांला मान्य आहे, अशी ग्वाही ते देतात. आपण रोज ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो, त्यात दोन वेगळे ठसे आहेत. जुन्या मराठी कागदांत शिक्का मजकुराच्या माथ्यावर येई आणि मोर्तब शेवटी. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा असते. मजकुराची मर्यादा इथे संपली, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हे सांगणारी ती मुद्रा. एकदा ती उमटली की वरच्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी मुद्रेच्या धन्यावर.

आता सदस्याचं दरपत्रक डोळ्यांपुढे आणा. माथ्यावर डावीकडे त्याच्या फर्मचं नाव, उजवीकडे तेवढ्याच आकाराचं संघटनेचं बोधचिन्ह, खाली आकडे आणि अटी. वाचणाऱ्याला ते शिक्क्यासारखंच दिसतं. हे दर संघटनेने ठरवलेत किंवा निदान तपासलेत, असं त्याला वाटतं. म्हणून बहुतेक संघटना सदस्यांना मुख्य बोधचिन्ह देत नाहीत, ‘सदस्य’ हा शब्द कोरलेली वेगळी आवृत्ती देतात. तीही फर्मच्या नावापेक्षा लहान आणि पानाच्या तळाशी. नियमावलीत तुम्ही ‘मुद्रा’ लिहिलीत, तर संघटनेला टाळायचा असलेला अर्थ तुम्हीच हातात दिलात.

व्यापारचिन्हांच्या कायद्यातही हा भेद आहे आणि त्याचे मराठी शब्द चांगले आहेत: ‘सामूहिक चिन्ह’ आणि ‘प्रमाणन चिन्ह’. सामूहिक चिन्ह सांगतं की हा माणूस त्या समूहातला आहे. औद्योगिक मालमत्तेबाबतच्या १८८३च्या पॅरिस करारात अशा चिन्हांना संरक्षण देणारं कलम १९११ साली घातलं गेलं. प्रमाणन चिन्ह सांगतं की ही वस्तू किंवा सेवा ठरलेल्या कसोटीला उतरली आहे. लोकरीच्या कपड्यांवरचं वूलमार्क हे १९६४पासून चालत आलेलं उदाहरण. प्रमाणन चिन्हाच्या मालकाने स्वतः तोच माल विकायचा नाही, असं अनेक देशांच्या कायद्यांत आहे. परीक्षकाने परीक्षेला बसू नये, तसंच हे. व्यावसायिक संघटनेचा लोगो बहुधा पहिल्या जातीचा असतो आणि लोक तो दुसऱ्या जातीचा समजून वाचतात. सगळी भांडणं इथून सुरू होतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं, पण इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका संघटनेच्या परिपत्रकाचा मराठी मसुदा मी केला होता. वर्गणी चालू असलेला, म्हणजे मतदानाला पात्र असलेला सदस्य, यासाठी मी ‘मान्यताप्राप्त सदस्य’ असा शब्दप्रयोग केला. मला अर्थ स्वच्छ वाटला. काही महिन्यांनी एका सदस्याच्या पाटीचा फोटो माझ्याकडे आला. वर लोगो, खाली संघटनेचं पूर्ण नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द: ‘मान्यताप्राप्त’. ‘सदस्य’ गाळला होता. खुलासा मागितला तेव्हा त्याने परिपत्रकावर बोट ठेवलं आणि ते बरोबरच होतं. शब्द मीच पुरवला होता. तिथे ‘चालू सदस्य’ किंवा ‘वर्गणी भरलेला सदस्य’ एवढंच हवं होतं. नियमावलीतलं विशेषण लिहिताना ते सुटं होऊन पाटीवर गेलं तर काय दिसेल, हे पाहायची सवय मला तेव्हापासून लागली.

तर ‘मान्यताप्राप्त’ नको. मान्यता कुणी दिली, कशासाठी दिली, हे तो शब्द सांगत नाही आणि तरी भारदस्त वाटतो. ‘संलग्न’ म्हणजे जोडलेलं, चिकटलेलं. शाखा संलग्न असते, संस्था संस्थेला संलग्न असते; माणूस नसतो. ‘प्रमाणित’ फक्त तेव्हाच, जेव्हा संघटना खरोखर परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. आणि मग कशात प्रमाणित, हे लिहिल्याशिवाय तो शब्द पुरा होत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं उदाहरण पाहा. पाट्यांवर ‘आयएसओ प्रमाणित’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं, पण आयएसओ मानकं तयार करते, प्रमाणपत्रं देत नाही. ती इतर संस्था देतात. आपला लोगो प्रमाणपत्राच्या संदर्भात वापरू नका, असंही ती सांगते. बरोबर लिहायचं तर ‘आयएसओ ९००१:२०१५ नुसार प्रमाणित’. त्या ‘नुसार’मध्ये सगळं आलं.

कार्डावर नुसतं ‘सदस्य’ पुरतं. ‘सभासद’ म्हणजे सभेत बसणारा. ‘सदस्य’ हा ‘सदस्’ म्हणजे सभा या शब्दावरून आला. अर्थाने फरक नाही. ‘सदस्यत्व’ जिभेला सोपं म्हणून मी ‘सदस्य’ घेतो. तुम्ही कोणताही घ्या, मात्र पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत तोच ठेवा. एका कलमात सभासद आणि दुसऱ्यात सदस्य आला, तर हे दोन वर्ग आहेत का, असा प्रश्न कुणी तरी विचारणारच.

मसुद्यात आणखी एका शब्दाकडे लक्ष असू द्या: ‘प्रमाण’. लांबी-रुंदीचं प्रमाण, पुरावा या अर्थी प्रमाण आणि आदर्श या अर्थी प्रमाण, असे तिन्ही अर्थ या नियमावलीत एकाच पानावर येऊ शकतात. ‘बोधचिन्हाचे प्रमाण बदलू नये’ यापेक्षा ‘बोधचिन्ह ताणू किंवा चेपू नये, लहानमोठे करताना लांबी-रुंदी एकाच पटीत बदलावी’ हे छापणाऱ्यालाही कळतं. तसंच ‘वापरू नये’ आणि ‘वापरता येणार नाही’. पहिलं कानाला सल्ल्यासारखं लागतं, दुसरी मनाई आहे. कारवाई जिथे होणार आहे, तिथे दुसरंच लिहा. ‘वापरू शकतो’ मात्र टाळा. त्यात क्षमता आहे की परवानगी, ते कळत नाही. ‘वापरण्याची मुभा आहे’ हा स्वच्छ प्रयोग आहे आणि मुभा काढून घेता येते, हेही त्यात आपोआप येतं.

राहिला नावाचा प्रश्न. नोंदलेलं नाव हे विशेषनाम आहे, म्हणून त्याचं भाषांतर करायचं नाही. संघटनेने स्वतः मराठी नाव घेतलं असेल तर ते, नाही तर मूळ नाव देवनागरीत. आयएसओने यावर वेगळी वाट काढली. तिचं पूर्ण नाव इंग्रजीत एक आणि फ्रेंचमध्ये दुसरं. आद्याक्षरं घेतली असती तर प्रत्येक भाषेत लघुरूप बदललं असतं. म्हणून, ती स्वतः सांगते त्याप्रमाणे, तिने ग्रीक ‘आयसोस’, म्हणजे ‘समान’, यावरून एकच छोटं नाव घेतलं. आयसोटोप, आयसोबार यांतलं ‘आयसो’ तेच. आपण त्याचा उच्चार आद्याक्षरांसारखा करतो, पण ती आद्याक्षरं नव्हेत.

विभक्ती मात्र लावायचीच. परिषदेचा निर्णय, संघाची वर्गणी, मंडळाचे नियम, असोसिएशनचं पत्र. सामान्यरूप झाल्याने नाव बदलत नाही. गोविंद नावाच्या माणसाचं गोविंदाने, गोविंदाला असं झालं म्हणून त्याचा जन्मदाखला कुणी बदलायला जात नाही. नावाला अवतरणचिन्हं मात्र घालू नका, नाही तर ‘परिषद’चा की ‘परिषदे’चा, हा नवा गुंता होतो. लिंगही शेवटच्या शब्दाप्रमाणे चालतं: परिषद ठरवते, संघ ठरवतो, मंडळ ठरवतं.

कार्ड आणि पाटी इथे मात्र नाव मूळ रूपात दिसलेलं बरं, कारण तिथे ते लोगोशेजारी असतं आणि लोक दोन्हींची तुलना करतात. त्यासाठी ‘अमुक परिषदेचा सदस्य’ ऐवजी आधी ‘सदस्य’, मग स्वल्पविराम, मग पूर्ण नाव: ‘सदस्य, अमुक परिषद’. विभक्ती टळते, स्त्री-पुरुष भेद टळतो आणि नोंदलेलं नाव अक्षरशः तसंच राहतं. नियमावलीत हे कलम मी असं लिहीन: ‘सदस्यत्व चालू असेपर्यंत सदस्यास आपल्या नावाखाली “सदस्य” हा शब्द व त्यापुढे परिषदेचे पूर्ण नाव लिहिण्याची मुभा आहे. हे नाव आपल्या फर्मच्या नावात समाविष्ट करता येणार नाही. सदस्यत्व संपताच नाव व बोधचिन्ह दोन्ही काढून टाकावे लागतील. “माजी सदस्य” असे लिहूनही बोधचिन्ह वापरता येणार नाही.’