जनरेटरला भार कळतो कसा?

प्रश्न : आमच्या गावातील मंगल कार्यालयात डिझेलवर चालणारा जनरेटर आहे. दिवे आणि पंखे लावताच त्याचा आवाज जड होतो. इंजिन आणि दिवे यांच्यामध्ये तर नुसत्या तारा आहेत. मग भार वाढल्याचे इंजिनाला कळते कसे? आणि भार नसतानाही डिझेल तितकेच जळते का?

उत्तर : इंजिनाला भार कळतो तो चुंबकत्वामार्फत. इंजिनाच्या दांड्याला जोडलेला, चुंबक बनवलेला रोटर फिरू लागला की भोवतालच्या स्थिर गुंडाळ्यांमधील चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते आणि त्यामुळे गुंडाळ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व हेच. दिवे बंद असताना हा दाब असतो, पण प्रवाह नसतो, त्यामुळे रोटरला फारसा अडथळा होत नाही. दिवे लावताच गुंडाळ्यांतून प्रवाह वाहू लागतो, त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते रोटरला फिरण्याच्या उलट दिशेने ओढते. हा विरोध लेंझ यांच्या १८३४ सालच्या नियमानुसार होतो, आणि तो नसता तर वीज फुकटच मिळाली असती!

ही ओढ किरकोळ नसते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या जनरेटरवर १० किलोवॅटचा भार टाकला, तर एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला सुमारे साडेसहा किलो वजन टांगल्याइतका पीळ रोटरवर येतो. त्याने फेरे किंचित कमी होतात, ते गव्हर्नरला (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेला) जाणवते आणि तो इंजिनाला जास्त डिझेल सोडतो. तुम्हाला ऐकू येणारा जड आवाज या वाढलेल्या डिझेलच्या ज्वलनाचा. चार चुंबकीय ध्रुवांच्या जनरेटरमधून ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) वीज मिळण्यासाठी १५०० फेरे राखावेच लागतात. पाण्याची मोटर मात्र सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते; तेवढ्यात गव्हर्नरला सावरता येत नाही, विद्युतदाबही खाली येतो आणि म्हणून दिवे क्षणभर मंदावतात.

भार नसताना डिझेल पुष्कळ कमी जळते, पण शून्यावर येत नाही, कारण इंजिनातील घर्षण आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचे काम चालूच असते. चांगल्या भाराखाली एक लिटर डिझेलमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते. दोन-चार दिव्यांसाठी मोठा जनरेटर चालवल्यास हा हिशेब फार बिघडतो, शिवाय इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळे अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी धुराड्यात साचते. रात्रीच्या थोड्या दिव्यांसाठी लहान जनरेटर किंवा इन्व्हर्टर वेगळा ठेवणेच परवडते.