मित्रासोबत सिंहगड–राजगड–तोरणा पळून संस्थेसाठी देणगी जमवायची आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही दोघं रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळता, जानेवारीत हे तीन गड एका दिवसात करायचे म्हणता, आणि विचारलंय की सुरुवात कुठून करायची. पैशांपासून करा. पैसे कोणत्या बोलीवर मागता, त्यावर डोंगरात तुम्ही किती शहाणपणाने वागाल ते बरंचसं ठरतं.

‘किलोमीटरमागे इतके रुपये’ किंवा ‘पूर्ण केलंत तर देईन’ असली देणगी घेऊच नका. राजगडावर एकाचा गुडघा धरला की दोघांच्याही डोक्यात रुपयांचा हिशोब सुरू होतो, आणि ज्याचा गुडघा धरलाय तोच ‘चल, जमेल’ म्हणतो. तोरण्याच्या वाटेवर अशा माणसाला खाली आणणं फार अवघड असतं. आवाहनातच लिहा की आम्ही अर्ध्यातून परतलो तरी देणगी संस्थेचीच. प्रवास, बूट, खाणं हा खर्च स्वतःच्या खिशातून करणार, हेही त्यातच लिहा. लोक विचारत नाहीत, पण मनात शंका असतेच.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. संस्थेचाच क्यूआर कोड द्या. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाव्यतिरिक्त कुणी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करत असेल तर ते धर्मादाय आयुक्तांकडे कळवावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी काढतात ती हीच. शिवाय तुमच्या खात्यातून गेलेल्या रकमेची पावती देणाऱ्याच्या नावावर निघत नाही. करसवलत हवी असेल त्याने संस्थेला पॅन द्यायचा. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि नवी करपद्धत निवडलेल्याला देणगीवरच्या या सवलतीचा फायदा नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलं तर अडचण नाही. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी ठरते आणि संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. ही चौकशी आवाहन पाठवण्याआधी करा. ग्रुपवर एकच मेसेज ढकलण्यापेक्षा चाळीस जणांना नावानिशी लिहा, आणि मोठी रक्कम देणारे दोन-तीन जण आधी गाठा. पुढचे लोक पहिला आकडा बघून आपला ठरवतात.

आता पळण्याचं. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण तो आकडा विसरा. रस्त्यावरच्या धावपटूला इथे चढ मारत नाही, उतार मारतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्याचे तंतू फाटतात आणि तिसऱ्या उतारापर्यंत पाय लटपटायला लागतात. उपाय एकच, हळूहळू उताराची सवय. सोळा आठवडे हाताशी ठेवा. अतकरवाडीतून सिंहगड आठवड्यातून एकदा: आधी एक फेरी, मग दोन, बाराव्या आठवड्यापर्यंत सलग तीन. उतरताना पावलं छोटी आणि भरभर, टाच आपटायची नाही. महिन्यातून एकदा कात्रज ते सिंहगड टेकड्यांवरून करा, तेही पाठीवर खरं वजन घेऊन. शेवटचे दोन आठवडे निम्म्यावर या. चढ चालतच चढायचा. त्यात कमीपणा काही नाही.

जानेवारीत गवत वाळलेलं असतं आणि वाटेवर बारीक मुरूम सुटलेला असतो, म्हणून बुटाच्या तळाची नक्षी चार-पाच मिलिमीटर खोल हवी. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर नखं काळी पडतात. कुसळं मोज्यात शिरून दहा किलोमीटरमध्ये घोटा सोलवटून काढतात. घोट्यावर येणारे घट्ट विणीचे मोजे आणि बुटाचं तोंड झाकणारे गेटर घाला. आग्या मोहोळाच्या टापूत अत्तर, डिओ, धूर काही नको.

पहाटे चारला बॅटरीवर निघा. सिंहगडावरून कल्याण दरवाजाने उतरून विंझरकडे आणि पुढे गुंजवणे. हा टप्पा सोपा वाटतो आणि म्हणूनच लोक इथे जास्त पळतात. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट शेवटी खडी आहे. सुट्टीच्या दिवशी रेलिंगपाशी रांग लागते, तेव्हा मधला वार निवडा. पद्मावती माचीवर पोचलात की बालेकिल्ल्याचा मोह टाळा आणि सरळ संजीवनी माची धरा. ही माचीच सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. आळू दरवाजातून उतरलात की तोरण्याची धार सुरू.

इथे घड्याळाचा नियम लावा: दुपारी एकपर्यंत आळू दरवाजा सोडला नसेल तर तोरणा रद्द, मागे फिरून गुंजवण्यात उतरायचं. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि दमलेल्या पायांनी तोरण्याच्या बुधला माचीखालची शिडी व तोरण्यावरून वेल्ह्याला उतरणारी कातळातली वाट अंधारात करू नये. शिडीवर एका वेळी एकच जण. दुसऱ्याने बाजूला थांबायचं, थेट खाली नाही, कारण वरून दगड सुटतात. दोन गडांमधल्या खिंडीत वेल्हे–भुतोंडे डांबरी रस्ता लागतो. तिथे तिसरा माणूस गाडी आणि पाणी घेऊन उभा असेल तर निम्मी काळजी मिटली. वाटेत सरबत-ताक मिळेलही, पण त्यावर भिस्त नको.

पाणी प्रत्येकी दोन लिटर सोबत, तासाला साधारण अर्धा लिटर, ऊन चढल्यावर थोडं जास्त. ओआरएस मिठासाठी चांगलं, पण लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, म्हणजे पोटाला त्याचा आधार नाही. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: खजूर, केळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. संक्रांतीच्या दिवसांत गुळपोळी घरात असतेच, तीही चालते. चिक्की कोरड्या तोंडात चावत नाही, ती पहिल्या दोन तासांत संपवा. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं दुखणं दिसलं की आणखी पाणी पाजू नका.

दोघांत हळू असणारा चढावर पुढे चालेल. उतारावर एकमेकांपासून हाक ऐकू येईल इतकंच अंतर. एकाने ‘बस’ म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही; आणि एकट्याला मागे सोडून दुसऱ्याने ‘निदान मी तरी पूर्ण करतो’ म्हणत पुढे जायचं नाही. हे आधी बोलून ठेवा, संजीवनी माचीवर नको. शिट्टी, क्रेप बँडेज, थर्मल चादर आणि जादा बॅटरी दोघांकडेही हवी, एकाच्याच पिशवीत नको.

राजगड जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फोटोसाठी संस्थेचा बॅनर तटावर बांधायचा विचार असेल तर सोडा, टी-शर्टवर छापा. गडावर अंधारात वावरण्याचे नियम पुरातत्त्व आणि वनखात्याला आधी विचारून घ्या. आणि वेल्ह्याहून पुण्याला परतताना तुमच्यापैकी कुणीही गाडी चालवायची नाही. खिंडीत थांबणारा तो तिसरा माणूस रात्रीपर्यंत तुमचाच आहे ना, हे त्याला नीट विचारून ठेवा.