वाचक विचारतात : झांबियाचा चषक नेमका कोणत्या साली?

प्रश्न : आमच्या क्लबात वाद पेटलाय. विमान अपघातात संघ गेला, त्यानंतर लगेच झांबियाने फुटबॉलचा आफ्रिका चषक जिंकला, असं काहींचं म्हणणं. खरं काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लगेच नाही, तब्बल 19 वर्षांनी. 27 एप्रिल 1993 ला संघ सेनेगलविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यासाठी लष्करी विमानाने डाकारला निघाला होता. गॅबॉनच्या लिब्रव्हिलहून उड्डाण होताच डाव्या इंजिनाने पेट घेतला आणि वैमानिकाने चुकून उजवं, धडधाकट इंजिन बंद केलं. वैमानिक थकलेला, त्यात इशाऱ्याचा दिवाही सदोष. 18 खेळाडूंसह विमानातले सगळे 30 जण गेले. कर्णधार कालुशा ब्वाल्या वाचला, कारण तो हॉलंडहून थेट डाकारला पोहोचणार होता.

तुमच्या मित्रांचा घोळ बहुधा 1994 चा असावा. नव्याने बांधलेला संघ तेव्हा अंतिम फेरीत गेला खरा, पण नायजेरियाकडून 2-1 हरला. त्याआधी मोरोक्कोशी नुसती बरोबरी झाली असती तरी विश्वचषक गाठता आला असता. 1-0 ने हुकलं, आणि आजवर हुकतंच आलंय.

चषक आला 12 फेब्रुवारी 2012 ला, तोही लिब्रव्हिललाच! समोर आयव्हरी कोस्ट. त्यांच्या ड्रोग्बाने सामन्यात पेनल्टी गोलच्या आडव्या दांडीवरून बाहेर मारली, 120 मिनिटं 0-0. पेनल्टी शूटआउटमध्ये त्यांच्याच जेर्व्हिन्योचा फटका बाहेर गेला आणि झांबियाच्या सुंझूने 8-7 केलं. पैज कुणी लावली असेल, ती वसूल करा.