कॉफीतली साखर कमी करायची आहे, पण बिनसाखरेची काळी कॉफी घशाखाली उतरत नाही. चव आणि दाटपणा राखून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला दोन मग कॉफी होते, प्रत्येकात चहाचे दोन चमचे साखर आणि व्हॅनिलाचं गोड क्रीमर दोन मोठे चमचे. आधी हिशेब मांडू. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. चवीच्या पातळ क्रीमरच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मिली) बहुतेक वेळा ५ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एका मगात १८ आणि दिवसाला ३६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, जमल्यास २५ च्याही आत. तुमची निम्म्याहून जास्त साखर क्रीमरमधून येतेय. चमच्याने घातलेली साखर डोळ्यांना दिसते, क्रीमरमधली दिसत नाही. म्हणून काटछाट तिथून सुरू करा.

त्याआधी कॉफी कशी बनते ते बघा, कारण साखर बहुतेकदा गोडीसाठी नव्हे, तर कडवटपणा झाकायला पडते. कडवटपणा कमी झाला की साखरेची गरज आपोआप घटते. कॉफी फार बारीक दळलेली असेल, पाण्यात जास्त वेळ राहिली असेल किंवा पुडीसकट खळखळून उकळली असेल, तर कडू घटक गरजेपेक्षा जास्त उतरतात. पाणी उकळल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा. ९० ते ९६ अंश सेल्सियस पुरे. १५ ग्रॅम पुडीला २४० मिली पाणी घ्या. फ्रेंच प्रेसमध्ये जाडसर दळण आणि ४ मिनिटं, मग लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, चोथ्यावर तशीच ठेवू नका. पुडी कमी घालून जास्त वेळ काढली तर कॉफी सौम्य होत नाही, पाणचट आणि कडू होते. ही चूक फार जण करतात. बिया घेताना मध्यम भाजलेल्या अरेबिका घ्या. रोबस्टा जास्त कडू असते आणि तिच्यात कॅफीनही जवळपास दुप्पट असतं.

एवढं करूनही कडू लागली तर मीठ. खारट लागेल इतकं नाही. २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा आणि मगात २-३ थेंब टाका. सोडियममुळे जिभेला कडू चव कमी जाणवते. मीठ जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, पण फरक पहिल्या घोटात कळतो. मला विचाराल तर साखर सोडू पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हाच उपाय करून बघावा.

आता दाटपणा. कॉफीचा रंग उजळतो तो दुधातल्या स्निग्धांशाच्या कणांमुळे आणि केसीन या प्रथिनामुळे. म्हणून साय काढलेल्या दुधाने कॉफी राखाडी दिसते, आणि मग आपण आणखी दूध ओततो. साध्या दुधात १०० मिलीला सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली मूळची साखर) असतं, म्हणजे ३० मिली दुधातून दीड ग्रॅमच साखर येते. ३५ टक्के स्निग्धांशाचं बिनसाखरेचं क्रीम एक मोठा चमचा घातलं तर साखर अर्धा ग्रॅमच्या आसपास, पण कॅलरी ५० च्या घरात. साखरेवर लक्ष असेल तर क्रीम चांगलं, वजनावर असेल तर दूध. लॅक्टोजमुक्त दूध जास्त गोड लागतं, कारण त्यातलं लॅक्टोज विकराने आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फोडलेलं असतं. एकूण साखर मात्र तेवढीच राहते. दूध ६० अंशांपर्यंतच तापवा आणि फेसाळून घ्या. त्या तापमानाला ते सर्वांत गोडसर लागतं. ७० च्या पुढे गेलं की शिजल्याचा वास येतो. फेसामुळे थोडंसं दूधही भरपूर वाटतं.

वनस्पतीजन्य दुधांत ओटचं दूध जपून घ्या. ते बनवताना विकराने पिष्टाचं माल्टोज होतं, म्हणजे एक प्रकारची साखरच, त्यामुळे ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेल्या डब्यातही १०० मिलीला ३-४ ग्रॅम साखर असू शकते. बिनगोडीचं बदामाचं दूध जवळपास बिनसाखरेचं असतं, पण पातळ. बिनगोडीचं सोयाचं दूध जास्त दाट लागतं, मात्र ते कॉफीत फाटतं. कॉफीची आम्लता आणि उष्णता एकत्र आली की सोयाची प्रथिनं गोळा होतात. उपाय सोपा आहे: दूध कोमट करून आधी मगात ओता, कॉफी एक-दोन मिनिटं निवू द्या, मग हळूहळू दुधात सोडा. हलक्या भाजलेल्या बियांची कॉफी जास्त आंबट असते, तिच्यात फाटण्याची शक्यता जास्त. ‘बरिस्ता’ लिहिलेल्या डब्यांत बहुधा आम्लता सांभाळणारं फॉस्फेट घातलेलं असतं, म्हणून ते टिकतं.

पावडरचं क्रीमर घ्यायचंच असेल तर घटकांची यादी वाचा. ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन सुरुवातीलाच दिसलं तर ठेवून द्या. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली पूड) साखरेच्या रकान्यात धरलं जात नाही, पण शरीरात त्याचं झपाट्याने ग्लुकोज होतं. त्यामुळे एकूण कर्बोदकांचा आकडा बघायचा, आणि तोही तुम्ही खरोखर घालता तेवढ्या चमच्यांसाठी. डब्यावरचं माप बहुधा एकाच लहान चमच्याचं असतं. कंडेन्स्ड मिल्कचा तर विचारच नको, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते.

व्हॅनिलाची सवय आहे ना? मग व्हॅनिला सोडू नका, फक्त गोड क्रीमर सोडा. व्हॅनिला आणि दालचिनी स्वतः गोड नसतात, पण त्यांचा वास आपण गोड पदार्थांशी जोडलेला असल्याने कॉफी गोडसर भासते. व्हॅनिला अर्क एका मगाला पाव चमचा, तोही कॉफी तयार झाल्यावर. आधी घातला तर वाफेबरोबर वास उडून जातो. सिरपची बाटली म्हणजे पुन्हा साखरच. दालचिनीची पूड तयार कॉफीवर भुरभुरू नका, ती विरघळत नाही आणि तळाशी बुळबुळीत थर बसतो. कॉफीच्या दोन मोठ्या चमचे पुडीत पाव चमचा मिसळून मग पाणी ओता. कागदी फिल्टरमध्ये हीच पूड फुगून पाणी अडवते, तिथे कांडीचे तुकडे करून दुधात ५ मिनिटं मुरवलेले बरे. रोज घेणार असाल तर सिलोन दालचिनी निवडा, कॅसिया या दुसऱ्या, जास्त मिळणाऱ्या दालचिनीत कूमरिन हे द्रव्य जास्त असतं आणि ते मोठ्या प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरतं. वेलचीचा एक ठेचलेला दाणा, जायफळाची किंचित किस, हेही चालतं. बिनगोडीचा कोको घातलात तर एक चमचा कोको आधी थोड्या गरम कॉफीत कालवून लापशी करा, नाहीतर गुठळ्या तरंगतात.

गोडी हवीच असेल तर स्टीव्हियाचे (एका वनस्पतीच्या पानांतल्या गोडव्याचे) थेंब वापरा, पण एक-दोनच. वाढवले की गोडी वाढण्याऐवजी कडवट चव मागे राहते. एरिथ्रिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा पदार्थ साखरेच्या ६०-७० टक्के गोड असतो, जिभेला गारवा देतो आणि जास्त झाला तर पोट बिघडतं. ज्यांना फिनाइलकीटोन्युरिया (फिनाइलअॅलनिन हा प्रथिनांतला घटक शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार) आहे त्यांनी अस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा टाळायचाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका असा सल्ला दिला आहे. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. माझ्या मते हे गोडवे काही आठवड्यांचा आधार म्हणून ठीक. मध किंवा तपकिरी साखर हा पर्याय नाही, दोन्ही साखरेतच मोजायच्या.

क्रम असा धरा: पहिल्या आठवड्यात क्रीमर बंद करून साधं दूध आणि व्हॅनिला, साखर आहे तेवढीच. त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक मगातून पाव चमचा साखर कमी. एकदम सगळी बंद केली तर दूध फिकं वाटतं, कॉफी कडू वाटते आणि नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. गार कॉफी पीत असाल तर सावध राहा, थंड पेयात गोडी कमी जाणवते आणि हात सैल सुटतो. त्यासाठी जाडसर पुडी एक भाग, थंड पाणी आठ भाग, फ्रीजमध्ये १२ ते १६ तास ठेवून गाळा. ही कॉफी मुळातच कमी कडू असते. पिताना तितकंच पाणी किंवा दूध मिसळा.