परदेशात शेक्सपिअर करायचा तर ब्रिटिश उच्चार शिकावेच लागतात का?

नाही. आणि ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं त्यांनी तिकडे प्रयोग केला असेलच, तर प्रेक्षकांकडे बघितलेलं दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये ग्रुप एडिंबरा फ्रिंजला, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या मोठ्या कला महोत्सवाला चाललाय आणि दिग्दर्शक म्हणतात, आधी बीबीसीसारखं बोलायला शीक. वाचून डोकंच फिरलं, कारण मी त्यातून गेलोय. आम्ही 'मॅकबेथ' नेलं होतं. मी पोर्टर, म्हणजे राजाचा खून झाल्यावर दारावरची थाप ऐकून बडबडत येणारा दारुडा दरवान. एकच प्रवेश, पण नटाला हवाहवासा. आमच्या दिग्दर्शकांनी (नाव घेत नाही) अर्ध्या तालमी उच्चारांवर घालवल्या. 'आर' गिळा, जबडा सैल सोडा, ओठ गोल करा. नाटक स्कॉटलंडच्या राजाचं, प्रयोग स्कॉटलंडच्या राजधानीत, आणि आम्ही लंडनच्या साहेबाची नक्कल करणार! मी हे बोललो तर उत्तर मिळालं, "तू आधी तुझं इंग्रजी सुधार."

पहिले प्रयोग थंड गेले. माझ्या प्रवेशाला तर कोणी खोकलंसुद्धा नाही. फ्रिंजला रोज रॉयल माइल या एडिंबरातल्या रस्त्यावर उभं राहून आपल्याच नाटकाची पत्रकं वाटावी लागतात, ती मी दरवानाच्या वेशात वाटत होतो. एक स्कॉटिश आजी थांबल्या. नाटक बघून झालं होतं त्यांचं. म्हणाल्या, "तुमचा दरवान राजापेक्षा खानदानी बोलतो की!" आणि हसत पुढे गेल्या.

त्या संध्याकाळी मी माझ्या आवाजात बोललो. पोर्टरचे 'इक्विव्होकेटर'वाले (म्हणजे दुहेरी अर्थाचं बोलून निसटणाऱ्यावरचे) विनोद 1606 च्या राजद्रोहाच्या खटल्यावरचे, आज ते कळायला तळटीप लागते. म्हणजे हशा काढायचा तो थापेवर आणि थांबण्यावर. मी थाप पडली की दाराकडे जायच्या ऐवजी उलट दिशेला निघायचो, पुन्हा थाप, पुन्हा वळायचो. 'नॉक, नॉक, नॉक' आपल्या सोंगाड्याच्या टायमिंगने टाकलं आणि पहिल्या रांगेतला एक माणूस खुर्चीत मागे कलंडून हसला. प्रयोगानंतर काही मिनिटांत सामान हलवावं लागतं, पुढचा ग्रुप दारात ताटकळत असतो. मी बाकडं उचलून चाललोय आणि दिग्दर्शक शेजारून चालत शिस्तभंगावर बोलतायत. हशाबद्दल एक अक्षर नाही.

दिग्दर्शकांना तेव्हा मला जे सांगता आलं नाही ते इथे सांगतो. ज्याला आपण 'शुद्ध ब्रिटिश' म्हणतो तो उच्चार शेक्सपिअरच्या काळी नव्हताच. तेव्हा 'आर' चांगला वाजवून बोलत. लंडनच्या ग्लोब या नाट्यगृहात 2004 साली 'रोमिओ अँड ज्युलिएट' त्या जुन्या उच्चारांत केलं गेलं. नट-दिग्दर्शक बॅरी रटर यांनी 1992 मध्ये नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स ही नाटक कंपनी काढली ती उत्तर इंग्लंडच्या बोलीत शेक्सपिअर करायलाच. 2012 मध्ये ग्लोबने 37 नाटकं 37 भाषांत करवली, त्यात आपल्याकडची हिंदी आणि गुजरातीही होती. मग आपल्या इंग्रजीनेच काय घोडं मारलंय?

आपली खरी अडचण आघाताची आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. शेक्सपिअरच्या पद्याच्या ओळीत साधारण दहा अक्षरं आणि पाच ठोके असतात, आणि अर्थ बऱ्याचदा ओळीच्या शेवटच्या शब्दावर येऊन टेकतो. आपण नेमका तोच शब्द पडत्या आवाजात सोडतो. आमच्या लेडी मॅकबेथचं हेच होत होतं. उच्चार झकास, पण तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. मांडीवर ठेका धरून ओळी म्हणा, शेवटची व्यंजनं खाऊ नका. पोर्टर गद्यात बोलतो, म्हणून मी त्यातून सुटलो.

हां, तिकडच्या नाट्यशाळेत शिकायचं किंवा तिथे व्यावसायिक कामं मिळवायची असतील तर तो ब्रिटिश उच्चार शिकून ठेवा, एक कसब म्हणून. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'तला फरकही सांभाळा, तिथे खरंच गोंधळ होतो.

फ्रिंजला 'निवड झाली' असं मात्र पेपरात छापून आणू नका. तिथे कोणी निवडत नाही. पैसे भरा, हॉल मिळवा, करा. व्हिसाचं म्हणाल तर फ्रिंज ब्रिटिश सरकारच्या परमिट-फ्री (म्हणजे कलाकारांना वेगळा कामाचा परवाना न लागणाऱ्या) महोत्सवांच्या यादीत असतो, तरी तुमच्या वर्षाचे नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. आणि पत्रकं वाटायची पाळी दिग्दर्शकांवरही लावा. आमचे त्या रस्त्यावर एकदाही फिरकले नाहीत.