शेवटचा फर्मा आधी तपास

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रहस्यकथा नि साहसकथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू, आणि तालुक्याच्या वाचनालयात मिळतील अशीच नावं सांगा, असं लिहिलंस. शेवटी हेही कबूल केलंस की तुला धीर धरवत नाही, म्हणून खुनी कोण ते तू शेवटचं पान उघडून आधीच बघून घेतेस. ही सवय सोड. मागची पानं आधी उघडायची ती एकाच कामासाठी, ती जागेवर आहेत का हे बघायला.

पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेलं असतं. खूप हातांतून गेलं की दोरा सैल होतो आणि पहिला नि शेवटचा फर्मा आधी निखळतो. प्रवासवर्णनाचा शेवटचा फर्मा गेला तर फार बिघडत नाही. रहस्यकथेचा गेला तर सगळा उलगडाच गेला. म्हणून पुस्तक नावावर चढवण्याआधी पोस्टकार्डाएवढा कागद मजकुरावर धर आणि नुसते पानांचे आकडे बघ. २०८ नंतर एकदम २२५ आलं, तर मधला एक पुरा फर्मा गेला असं समज. तसं पुस्तक घेऊ नकोस, पण गुपचूप कपाटातही सारू नकोस. ग्रंथपालांच्या हाती दे, म्हणजे ते बांधणीला तरी जाईल. दुसरी पीडा पेन्सिलवाल्यांची. पात्राच्या नावाखाली रेघ मारून ‘हाच तो’ असं लिहून ठेवणारे वाचक गावोगावी आहेत. त्यांच्यावर उपाय नाही. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना मात्र तुझ्या हातात आहेत. दोन्ही पुस्तक संपल्यावर वाच. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना शेवट फोडल्याचं कित्येकदा भानच नसतं.

आता क्रम. पहिल्या महिन्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घे. लहान मुलांचं म्हणून सोडू नकोस. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल हाणत संकटात शिरतो, त्यात प्रसंग किती वेगाने पुढे सरकतो ते बघण्यासारखं आहे. त्यानंतर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. १९६५ साली ‘संदेश’ या बंगाली मासिकात तो पहिल्यांदा आला. मराठीत तो अशोक जैन यांनी आणला आहे. गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपसे, आणि सोबत असतात लालमोहनबाबू, जे स्वतः साहसकादंबऱ्या लिहितात. त्यांच्या पुस्तकांतल्या चुका फेलूदा दुरुस्त करत असतो. त्या दुरुस्त्या नीट वाच. लेखकाने माहिती तपासली नाही की गोष्ट कुठे मोडते, हे तिथे खेळीमेळीत कळतं.

मग शेरलॉक होम्स, पण कादंबऱ्या नकोत, आधी लघुकथा. आर्थर कॉनन डॉईलने होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन कथा लिहिल्या, आणि त्याची खरी ताकद कथांत आहे. एक कथा तासाभरात संपते. वेचणीच्या दिवसांत, वावरातून येऊन हातपाय धुतल्यावर तेवढंच वाचून होतं. भालबा केळकरांनी या कथा मराठीत आणल्या. पुस्तक उचलताना आत ‘संक्षिप्त’ असा शब्द आहे का बघ. संक्षेप करणारा माणूस वर्णन कापतो, आणि रहस्यकथेत पुरावा वर्णनातच दडवलेला असतो. दारापुढच्या चिखलाची ओळ कापली की शेवटी होम्स त्या चिखलाचं नाव काढतो तेव्हा वाचकाला ती हातचलाखी वाटते. इंग्रजी जमत असेल तर मूळ होम्स कायदेशीरपणे फुकट मिळतो. डॉईल १९३० साली वारला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. मराठी अनुवादाचा हक्क मात्र वेगळा असतो, तो असा फुकट समजू नकोस.

अनुवादात आणखी दोन ठिकाणी घसरायला होतं. होम्सच्या एका प्रसिद्ध कथेत मरणारी बाई ‘बँड’ हा शब्द उच्चारते. इंग्रजीत त्याचा अर्थ पट्टा आणि टोळीही. वाचकाने दोन्हींकडे ओढलं जावं ही लेखकाची योजना. मराठीत नुसतं ‘पट्टा’ लिहिलं की अर्धा चकवा तिथेच संपतो. असा शब्द मधेच उगाच खटकला तर मूळ शब्द काय असेल याचा विचार कर. दुसरं ठिकाण म्हणजे नाती. इंग्रजी ‘अंकल’ काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा, कोणीही असू शकतो. अनुवादक अंदाजाने ‘काका’ लिहून मोकळा होतो. मग मृत्युपत्राचं प्रकरण आलं की वाटणी जुळत नाही, कारण तो काका आईकडून असतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढणार यावरून काय काय होतं ते तू रोज ऐकतेस, तेव्हा हे तुला वेगळं सांगायला नको.

नावं, नाती नि पुरावे ध्यानात ठेवायला चाळीस पानी वही पुरते. डाव्या पानावर नावं आणि नाती. परकी नावं तीन पानांत विसरतात, म्हणून प्रत्येकासमोर एक खूण लिही: लंगडणारा डॉक्टर, दोन घरांची मोलकरीण. उजव्या पानावर तीन रकाने: किती वाजता, कुठे, आणि हे सांगतं कोण. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ‘साहेब साडेनऊला जिवंत होते’ हे लेखक स्वतः सांगत नसतो, कोणीतरी पात्र सांगतं. त्याने साहेबांना डोळ्यांनी पाहिलं का नुसता आवाज ऐकला, तेवढं टिपून ठेव. नवशिके वाचक पात्राचं म्हणणं खरं मानतात आणि तिथेच फसतात. सगळं मात्र लिहायचं नाही. एका प्रकरणाला चार-पाच ओळी बास. जास्त लिहिलं की वाचनाची गंमत जाते आणि वही हिशेबाची होते.

थांबायचं कुठे, तेही सांगतो. सगळ्यांना एका खोलीत गोळा केलं, किंवा गुप्तहेर म्हणाला ‘आता मला सगळं कळलं’, की पुस्तक मिट. २४० पानांच्या कादंबरीत ही जागा बहुधा २०० ते २१० पानांच्या आसपास येते. तिथे वहीत लिही: कोणी, कसं, कशासाठी, आणि कोणत्या तीन गोष्टींवरून. रात्रभर जाऊ दे. सकाळी पुढचं वाच. चुकलीस तर पहिली तीस पानं पुन्हा काढ. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिला असा की गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात आलाच पाहिजे. म्हणजे तुझ्या नजरेतून जे निसटलं ते बहुतेक त्या तीस पानांत असतं. ते सापडलं की पुढच्या पुस्तकात नजर आपोआप थांबते.

ही वही अगाथा ख्रिस्तीसाठी. तिची पहिली कादंबरी १९२० साली आली. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे विषांबद्दल ती अंदाजपंचे लिहीत नाही. पहिल्या कादंबरीतलं विष स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या, कुचल्याच्या बियांतलं. त्याची चव कडू, आणि कडू चव कशात लपेल या प्रश्नावर तपासाचा बराच भाग उभा आहे. १९२६ सालची रॉजर अ‍ॅक्रॉइडची कादंबरी मात्र पहिल्यांदा घेऊ नकोस. ती पाचवी किंवा सहावी वाच. साध्या वळणाच्या चार कादंबऱ्या पचल्याशिवाय तिने काय केलंय ते कळत नाही, आणि ती दुसऱ्यांदा तशी वाचता येत नाही. कोणी तिचा शेवट सांगायला लागला तर उठून जा.

पण तुला सगळ्यांत जवळची वाटेल ती ख्रिस्तीचीच मिस मार्पल. १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. कुठेही खून झाला की तिला गावातलंच कोणीतरी आठवतं: तो अमका असाच लाजून बोलायचा आणि दुकानातले पैसे उचलायचा. शहरातल्या वाचकाला ही युक्ती वाटते, तुला वाटणार नाही. पिठाच्या चक्कीवर कोण किती वाजता येतं, कोणाच्या ओट्यावर कोण बसत नाही, बाजाराच्या दिवशी कोणाच्या घराला कुलूप असतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. मार्पल एवढ्याच भांडवलावर काम करते. ती वाचताना डोक्यात लंडन उभं करायच्या भानगडीत पडू नकोस. आपलंच गाव धर, फक्त चर्चच्या जागी देऊळ येईल आणि पाद्रीबाबांच्या जागी दुसरं कोणी.

आपल्या लेखकांकडे वेगळ्या अपेक्षेने जा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक, त्यांच्यावरची पाच-सहा वाच, पन्नास नकोत. त्यात कोडं नसतं. वेषांतर, पाठलाग, ऐनवेळची सुटका असते, म्हणून तिथे वही उघडलीस तर हाती काही लागणार नाही. सुहास शिरवळकरांचे संवाद मोठ्याने वाचून बघ, केवढे तुटक आणि तेज आहेत. कोर्टातलं हवं असेल तर त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास, साहस हवं असेल तर त्यांचाच दारा बुलंद. भुताखेताकडे झुकलीस तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी, पण तो वेगळा रस्ता, त्यात गुन्ह्याचा उलगडा शोधू नकोस. दिवाळी अंकांत ‘धनंजय’ आणि ‘नवल’ मागून बघ. दिवाळीत त्यांवर उड्या पडतात, संक्रांतीनंतर निवांत मिळतात.

जुन्या कादंबऱ्यांत ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’ येतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता १०३ आणि फसवणुकीचं ३१८. पुस्तक कोणत्या काळातलं ते यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र मनावर घेऊन वाच. जुन्या पुस्तकांत, मराठीत काय नि इंग्रजीत काय, चोरी झाली की संशयाचं बोट गावाबाहेरच्या पालाकडे जातं. लेखकाला पुरावा द्यायची गरज वाटत नाही, जमातीचं नाव घेतलं की झालं. यामागे कायदा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. आपल्या भागात पारधी बेडे आहेत, त्या पोरांना अजून कोणत्या नजरेने बघतात ते तुला दिसतं. तेव्हा असं पान आलं की वहीच्या तिसऱ्या रकान्यात विचार: हे सांगतं कोण, आणि त्याने काय पाहिलं? उत्तर ‘काही नाही’ आलं तर ती लेखकाची चूक आहे, आणि रहस्यकथा म्हणूनही तो भाग कच्चाच. फिलिप मेडोज टेलरची ठगावरची १८३९ सालची कादंबरीही अशीच जपून वाच. ठग स्वतः आपले गुन्हे सांगतो ही तिची पकड विलक्षण आहे, पण त्याचं म्हणणं लिहून काढणारा हात साहेबाचा आहे.

साहसकथांत शिकारी जिम कॉर्बेटची पुस्तकं सोडू नकोस. ती कथा-कादंबरी नाही, घडलेलं आहे, तरी इतका चोख तपास कादंबऱ्यांतही कमी सापडतो. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १२५ माणसं मारली. कॉर्बेटने त्याला १९२६ साली मारलं. ठसा ताजा का शिळा, गवत पुन्हा उभं राहायला किती वेळ लागला, वानरं कोणत्या बाजूला ओरडली, यावरून तो जनावराचा रस्ता काढतो. कारणही शोधतो: चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे गोळीने तुटलेले होते, नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांवर आली. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येईल, कारण तिथे मोहफुलं वेचायला जाणं हेच धोक्याचं झालं आहे. रात्री एकटीने वाचू नकोस असं नाही म्हणत, पण सकाळी वावरात जायचं असेल तर त्या रात्री दुसरं काही वाच.

ज्यूल व्हेर्नची ऐंशी दिवसांत जगाची फेरी उन्हाळ्यासाठी ठेव. वैशाखात दुपारी बाराच्या पुढे बाहेर पाय टाकवत नाही, तेव्हा लांब कादंबरी निघते. शाळेचा नकाशा शेजारी पसर आणि फॉगच्या, म्हणजे तिच्या नायकाच्या, प्रत्येक मुक्कामाला तारीख लिही. त्याची आगगाडी मुंबईहून निघून बुरहानपूरला थांबते, म्हणजे आपल्या मेळघाटाच्या शेजारूनच जाते. व्हेर्न हिंदुस्थानात कधी आला नव्हता, त्यामुळे इथलं वर्णन नजर ठेवून वाच. तारखांचा तक्ता मात्र शेवटपर्यंत सोडू नकोस. का ते सांगत नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी मार्पल मिळाली तर घे, नाही तर होम्स. आणि पुस्तक मिटलंस त्या रात्रीचं वहीचं पान, उलगडा वाचायच्या आधी, मला पाठव. बरोबर निघालं की चुकलं, त्यावर मग पुढची यादी ठरवू.

तुझा,
काका